तुमच्या नातवाला मी सेंटर केलं

डॉक्टरकाका, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, की मँचेस्टरच्या मराठी लोकांत तुमचा विषय निघाला तर नवी मंडळी विचारतात, कोण हो ते? मला विचारावं लागत नाही. तुमचा राखाडी ओव्हरकोट, भर पावसातही चकचकीत असलेले बूट आणि एका रविवारी कार पार्कमध्ये माझ्याबद्दल तुम्ही काढलेले उद्गार, सगळं मला पाठ आहे. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी तुमच्याबद्दल बोलत नाहीये, तुमच्याशी बोलतोय, तेव्हा तो नियम इथे लागू होत नाही. सांगायचं ते एवढंच, की या हंगामात मी तुमच्यावर सूड उगवला. काल रविवारी आमची शेवटची मॅच झाली. आज रजा टाकलीय, मोबाइल बंद करून ठेवलाय. तो सूड मी कसा घेतला आणि हातात आल्यावर तो कसा निघाला, हे तुम्हाला ऐकावं लागणार आहे. उठून जायची सोय तुम्हाला आता नाही.

आई तुमच्या वॉर्डात नर्स होती. तुम्ही हाडांचे कन्सल्टंट. नागपूरहून आम्ही आलो तेव्हा मी नववीतला पोरगा, आणि महाराष्ट्र मंडळाच्या पहिल्याच कार्यक्रमात तुम्ही मला जवळ बोलावून विचारलंत, "मूळचे कुठले?" मी म्हटलं, नागपूर. "नागपुरात कुठे?" मी वस्तीचं नाव सांगितलं. तुम्ही "अच्छा, अच्छा" म्हणालात आणि विषय थंडीवर नेलात. त्यानंतर तुम्ही मला कधीच काही विचारलं नाहीत. गरजच उरली नव्हती. सातासमुद्रापार येऊनही आपल्या माणसाला दोन प्रश्नांत तपासून जागेवर ठेवण्याची ही पद्धत आपण पासपोर्टसारखी जपून आणली आहे. पासपोर्ट तरी मुदत संपली की बाद होतो.

एक मात्र प्रामाणिकपणे लिहितो. तुमच्या घरी माझ्यासाठी कप वेगळा नव्हता. एप्रिलच्या जयंतीला मी भाषणाला उभा राहतो तेव्हा लोकांना वेगळ्या कपाची गोष्ट हवी असते, आणि ती सांगता आली असती तर माझं काम सोपं झालं असतं. पण काकूंनी मला त्याच ताटात थालीपीठ वाढलं, वर लोण्याचा गोळा घातला, "अजून घे रे, खेळणारा मुलगा तू" म्हणाल्या. तुमच्या कपाटात सुधारकांची पुस्तकं होती, त्यांतली काही मी तुमच्याकडूनच नेऊन वाचली. कप तोच, ताट तेच, पुस्तकं तीच. वेगळी होती ती जागा, आणि तीही तुम्ही मला भेट म्हणून दिलीत.

मी युनिव्हर्सिटीत गेलो आणि तुमच्या मुलाच्या नादाने अमेरिकन फुटबॉलच्या संघात शिरलो. इंग्लंडमध्ये हा खेळ म्हणजे वेड्यांचा संसार. प्रेक्षक नाहीत, पैसा नाही, रग्बीच्या उसन्या मैदानावर पहाटे आपणच रंगाच्या रेषा मारायच्या, हेल्मेटं एकमेकांत वाटून घ्यायची. शिवाय मैदानावर वैद्यकीय माणूस हजर नसेल तर रेफ्री मॅच सुरूच करत नाही. आमचे ते वैद्यकीय माणूस तुम्ही होता. फुकट येत होता, बॅग घेऊन, न चुकता. तुम्ही नाही तर मॅच नाही, हे सगळ्यांना माहीत होतं, आणि सगळ्यांत जास्त तुम्हाला. त्या वर्षी संघाच्या जर्सीही तुम्हीच घेऊन दिल्यात. तुमच्या स्वयंपाकघरातलं टेबल मला आत्ता दिसतंय. जर्सींचा ढीग आहे, तुमचा मुलगा क्वार्टरबॅकची, म्हणजे मागे राहून डाव ठरवणाऱ्या आणि बॉल फेकणाऱ्याची, सात नंबरची जर्सी छातीला लावून बघतोय, आणि तुम्ही ढिगातून एक उचलून माझ्या अंगावर टाकता.

"हे घे. चोपन्न. नियम माहितेय ना? पन्नासपासून ऐंशीच्या आतले नंबर म्हणजे पुढची फळी. त्यांनी पुढे फेकलेला बॉल झेलायचा नाही. झेलला की पेनल्टी! बघ, अमेरिकन लोकसुद्धा आपल्यासारखेच शहाणे. कुणी कशाला हात लावायचा, ते पाठीवरच लिहून टाकलंय."

तुम्ही हसलात. तुमचा मुलगा हसला. मीही हसलो, काका, कारण तोंडात तुमच्या घरचं थालीपीठ होतं आणि घास असलेल्या तोंडाने माणसाला फक्त हसता येतं.

चोपन्न नंबर म्हणजे सेंटर. फळीच्या मधोमध वाकून उभं राहायचं, बॉल दोन पायांमधून मागे क्वार्टरबॅकच्या हातात द्यायचा, आणि तो विचार करत असताना समोरून येणारी माणसं अंगावर घ्यायची. प्रत्येक डावाला तुमच्या मुलाचे हात माझ्या ढुंगणाखाली असायचे. शिवाशिवीचा असा बंदोबस्त तुमच्या पूर्वजांनी स्वप्नातही पाहिला नसेल. तो मागे उभा राहून ठरवणार, मी पुढे वाकून सोसणार. पण ख्रिसमसच्या सुमारास आमच्या तेव्हाच्या इंग्रज कोचने एका प्रॅक्टिसला मला गंमत म्हणून बॉल फेकताना पाहिलं. नागपूरच्या मैदानात बाउंड्रीवरून विकेटकीपरकडे फेकून तयार झालेला हात होता तो. बॉल इतका लांब गेला की कोच शिट्टी वाजवायला विसरला. "पुढच्या आठवड्यात तुला क्वार्टरबॅकला बघू," तो म्हणाला. तो आठवडा मी जमिनीवर चालत नव्हतो.

रविवारी मॅचच्या आधी तो कार पार्कमध्ये तुमच्याशी बोलला. मग माझ्याकडे आला. आठवडाभर डिलिव्हरीची व्हॅन चालवणारा साधा माणूस, चेहरा अगदी देवळात आल्यासारखा. "लुक, सन," तो म्हणाला, "डॉकने मला सगळं समजावलं. तुमच्या कम्युनिटीत पुढे उभं राहून गावाची राखण करणं हा पिढ्यान्‌पिढ्यांचा मान आहे म्हणे. तिथून काढलं तर तुझ्या घरच्यांना तो अपमान वाटेल. मागे राहून निर्णय घ्यायचं काम तुम्हा लोकांना स्वतःलाच नको असतं, असं डॉक म्हणाला. मला माहीत नव्हतं, सॉरी. आय डोन्ट वॉन्ट टु ऑफेंड एनीवन."

त्याने माझी माफी मागितली, काका! तुम्ही केवढं कसब दाखवलंत. माझ्या पणजोबांना वेशीवर उभं केलं होतं, भाकरतुकड्यावर, गावाच्या बाहेर. तीच वेस तुम्ही उचलून मँचेस्टरच्या मैदानात आणलीत, तिला परंपरा म्हणालात, आणि एका भल्या इंग्रजाला पटवून दिलंत की मला तिथेच उभं ठेवणं म्हणजे माझा सन्मान. शिवी दिली असतीत तर त्याने तुम्हाला हाकललं असतं. तुम्ही संस्कृती दिलीत, आणि संस्कृतीपुढे इंग्रज माणूस मान खाली घालतो.

मी घरी येऊन भांडी आदळली. आई म्हणाली, "हळू. माझी बढती त्यांच्या एका शब्दावर अडलीय. खेळच आहे ना बाळा? खेळ." मी खेळलो. पुढची दोन वर्षंही तिथेच, वाकून. तुमच्या शोकसभेला मी बोलायला उठणार होतो. आईने शेवटच्या रांगेत माझं मनगट धरून ठेवलं, आणि तुमच्या सभेत सगळे फक्त चांगलंच बोलले. पुढे मी हॉस्पिटलच्या सफाई कामगारांच्या आणि पोर्टर्सच्या युनियनचा माणूस झालो. ज्यांची जयंती करतो त्यांच्या कॅमडेनच्या स्मारकापासून मेडनहेडच्या कम्युनिटी हॉलपर्यंत मी बोललोय. लोक म्हणतात, याच्या जिभेला धार आहे. ती धार ज्या दगडावर लागली, तो दगड तुम्ही होता. आणि रविवारी मी तोच संघ शिकवतो. आता कोच मी आहे. कोण कुठे उभं राहणार, ते मी ठरवतो.

गेल्या सप्टेंबरात नवी मुलं चाचणीला आली. रांगेतून एक उंच पोरगा पुढे आला, नाव सांगितलं, आणि मी पेन खाली ठेवलं. तुमचं नाव होतं. तुमच्याच नावावरून ठेवलेलं, आणि पुढे तुमचंच आडनाव. मग कपाळ दिसलं. तेही तुमचंच.

"काका, तुम्ही मराठी ना? आय मीन, कोच," तो म्हणाला. "माझा आजी मला मराठी शिकवते. थोडा थोडा येतो. मी क्वार्टरबॅक आहे. डॅडने शिकवला."

"फेकून दाखव," मी म्हटलं. त्याने फेकला. बॉल सुतासारखा सरळ गेला. मी बराच वेळ तिकडे बघत राहिलो, आणि मग, काका, इतक्या वर्षांनी मी तो घास गिळला.

"छान आहे," मी म्हटलं. "पण तुझी जागा पुढे. सेंटर." आणि त्याच्या अंगावर चोपन्न नंबर टाकला.

तो "ओके कोच" म्हणाला. त्याला काही कळलं नाही. मला सगळं कळत होतं, आणि मी तुम्हाला सांगतो, ते सुख होतं. ऑक्टोबरच्या चिखलात, नोव्हेंबरच्या गारठ्यात, मी साइडलाइनवरून तुमच्या नावाने हाका मारल्या. "वाक! अजून वाक! ढुंगण खाली, मान वर!" तुमचं नाव घेऊन. बर्फाने कडक झालेल्या मैदानावर समोरची धिप्पाड पोरं तुमच्या नावावर तुटून पडत होती आणि मी चहाचा फ्लास्क उघडत होतो. आम्ही पहिल्या दोन मॅच हरलो, मग जिंकत गेलो. आमचा क्वार्टरबॅक लीड्सचा एक पोरगा, बरा होता, तुमच्या नातवाइतका नव्हता. मदतनीस कोच दोनदा म्हणाला, "बॉस, चोपन्नचा हात बघितलास का?" मी म्हटलं, बघितलाय.

एकच गोष्ट खटकत होती. पोरगा खूश होता. तोंडावर चिखल, ओठ फुटलेला, आणि म्हणायचा, "कोच, इट्स ब्रिलियंट. सगळं माझ्यापासून सुरू होते!" शिक्षा आहे हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं, मग ती शिक्षा होणार कशी?

जानेवारीत तुमचा मुलगा आला. पोट सुटलंय, केस गेलेत. मला मिठी मारली, जुन्या मॅचच्या आठवणी काढल्या, आणि मग मैदानाकडे बघून म्हणाला, "अरे, ह्याला सेंटर काय केलंस? ही हॅज ॲन आर्म, यार."

हे वाक्य येणार म्हणून मी उत्तर घासूनपुसून ठेवलं होतं. "तुमच्याकडे पुढची जागा पिढीजात मानाची असते," मी म्हटलं. "त्याला हलवलं तर तुझ्या घरच्यांचा अपमान होईल. मागे राहून निर्णय घ्यायचं काम तुम्हा लोकांना स्वतःलाच नको असतं."

"काय बडबडतोयस?"

"तुझ्या बाबांची वाक्यं आहेत. फक्त माणसं बदलली."

मग मी त्याला कार पार्क सांगितला. सगळा. तो आधी हसला. "बाबा असलं नाही बोलणार. तुझ्यावर किती जीव होता त्यांचा!" मैदानावर एक डाव झाला, दुसरा झाला. मग खाली बघत म्हणाला, "बोलले असतील." आणि थोड्या वेळाने, "मला तेव्हा कधी प्रश्नच पडला नाही रे, की कोच तुला क्वार्टरबॅकला बघणार होता त्याचं पुढे काय झालं." हे मी त्याच्या बाजूने लिहितो. पण जाताना तो जे म्हणाला ते मला झोंबलं. "मला सांगून काय करतोस? त्याला सांग ना. तो आजोबांचा फोटो खोलीत लावून झोपतो."

तेव्हा मला माझा खरा सूड दिसला. पोराला चिखलात वाकवणं हा पोरखेळ होता. तुम्ही त्या फोटोत जिवंत होता, आणि तिथून तुम्हाला खाली ओढायला माझी दहा वाक्यं पुरेशी होती. हे काम मला येतं. मी हंगाम संपायची वाट बघत राहिलो.

काल शेवटची मॅच. जिंकलो असतो तर वरच्या डिव्हिजनला गेलो असतो. तिसऱ्या क्वार्टरला लीड्सच्या पोराचा खांदा निखळला. मदतनीस कोच माझ्याकडे बघतोय, सगळा संघ बघतोय, पलीकडे तुमचा मुलगा हात खिशात घालून उभा आहे आणि मुद्दाम दुसरीकडे बघतोय. "चोपन्नला घाल, बॉस." आणि काका, माझ्या तोंडातून शब्द निघालेच होते: "नको, तो पुढेच बरा." अर्धं वाक्य बाहेर पडलं आणि मला तो आवाज ओळखू आला. माझा नव्हता तो. राखाडी ओव्हरकोट घालून, बॅग हातात घेऊन कुणीतरी माझ्या घशात उभं होतं.

इतका संताप मला आयुष्यात कधी आला नव्हता. "जा!" मी ओरडलो. "मागे जा! क्वार्टरबॅक!" पोराला वाटलं मी त्याच्यावरच चिडलोय. जर्सी बदलायला वेळ नव्हता, चोपन्न घालूनच तो मागे उभा राहिला. एक टचडाउन, म्हणजे सहा गुणांचा बॉल, त्याने असा फेकला की समोरच्या कोचनेही टाळी वाजवली. आणि मग, एका गुणाने मागे असताना, अगदी शेवटी, त्याने घाईने चुकीच्या माणसाकडे फेकला आणि बॉल समोरच्या संघाने झेलला. हंगाम संपला. पोरगा गुडघ्यावर बसून रडला. दोघांनी त्याला उठवलं, एकाने हेल्मेटवर चापट मारली, "हार्ड लक, मेट." एकानेही म्हटलं नाही, की ह्याच्या लोकांना हे जमतच नाही. तो हरला ते फक्त त्याचं हरणं होतं. मी ते बघत उभा होतो आणि हंगामभरात पहिल्यांदाच मला तुमच्या नातवाचा खरोखर हेवा वाटला.

सगळे गेल्यावर आम्ही दोघं गोलच्या खांबांना गुंडाळलेल्या गाद्या उतरवत होतो, तेव्हा मी त्याला सांगितलं. सोप्या मराठीत, थांबून थांबून, जिथे शब्द अडला तिथे इंग्रजीत. त्याला चोपन्न नंबर का दिला, तेही सांगितलं. मऊ काही केलं नाही. तो गादी धरून उभा राहिला. "दॅट्स हॉरिबल," म्हणाला. त्याने गादी खाली ठेवली. "आणि मी त्याचा नाव घेऊन फिरतो." मी वाट बघितली. तुम्ही खाली पडताना मला बघायचं होतं, मी वर्षानुवर्षं त्या क्षणासाठी जागा राखून ठेवली होती. पण तो तुमच्याकडे बघतच नव्हता. तो माझ्याकडे बघत होता.

"कोच, पण तुम्हाला कुठे खेळायचा होता?"

आईने हे कधी विचारलं नाही. त्या भल्या इंग्रजाने विचारलं नाही, तुमच्या मुलाने नाही. भरलेल्या सभागृहात न अडखळणारा मी, अडखळलो. "क्वार्टरबॅक," म्हटलं. परत म्हणावं लागलं.

"मग फेका ना," तो म्हणाला आणि धावत सुटला.

पहिला बॉल डगमगत गेला आणि त्याच्या पुष्कळ अलीकडे चिखलात पडला. दुसरा भलतीकडे गेला. "खांदा सैल सोडा!" तो ओरडत होता, धावत होता, परत आणून देत होता. खांदा जुना झालाय, खरं आहे. पण मी कोच आहे, काका, हाताचं मला कळतं. लांब फेकणं वेगळं आणि धावत्या माणसाच्या हातात फेकणं वेगळं. माझी बोटं बॉल सोडतात ती चुकीच्या क्षणी सोडतात, आणि ती वयाने बिघडलेली सवय नाही, ती मुळातलीच आहे.

तुम्हाला माफी नाही. वाईट क्वार्टरबॅक ठरण्याचाही मला हक्क होता आणि तो तुम्ही पळवलात. हे मी या एप्रिललाही बोलेन, पुढच्याही. पण पुढचं वाक्य मी कुठल्याच व्यासपीठावर बोलणार नाही. म्हणून हे कागद तुमच्या मुलाला देणार नाही, पोरालाही नाही. बहुधा मी बरा क्वार्टरबॅक झालोच नसतो. फक्त ते मला विशीत, त्या चिखलात, सगळ्यांसमोर हरून कळायला हवं होतं.